एकच माळ, चार फेऱ्या : सहावी-सातवीच्या मुलांना परिसंस्था वर्गाबाहेर कशी शिकवावी

पहिल्या वर्षी मी सातवीच्या मुलांना घेऊन थेट खानापूरच्या जंगलातल्या एका धबधब्यावर गेले. बस ठरवली, वर्गणी काढली, पालकांची मनधरणी केली. दुसऱ्या दिवशी ‘काल काय पाहिलं ते लिहा’ म्हटलं, तर सगळ्या वह्यांत बसमधली गाणी, चिप्सची पाकिटं आणि ‘आम्ही खूप मजा केली’. एका मुलीने माकड लिहिलं होतं, तेही त्याने तिचा डबा पळवला म्हणून. परिसंस्था (एका जागेतले सजीव आणि माती, पाणी, ऊन यांचं एकमेकांत गुंतलेलं जाळं) हा शब्द एकाही वहीत नव्हता. माझ्या त्या दिवसाच्या पाठाच्या टाचणातही तो फक्त मथळ्यापुरता होता, हे कबूल करायला हवं.

पुढची वर्षं मी शाळेमागचा माळ, पलीकडचं भाताचं शिवार आणि ओढ्याकाठचं एक उंबराचं झाड एवढ्यावरच काढली. लागून असलेली ही तिन्ही मिळून मी एकच जागा धरते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. सांगणं एकच आहे : चार जागा एकेकदा दाखवू नका, एक जागा चारदा दाखवा. एकदा गेलं की मुलं वस्तू बघतात. दुसऱ्यांदा गेलं की ‘गेल्या वेळी इथे ते होतं, आता का नाही?’ असं विचारतात. धडा तिथे सुरू होतो.

१. जागा चालत दहा मिनिटांवरची निवडा

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की एका दिवसाच्या प्रवासात तीन वेगळे प्रदेश लागतात. कणकुंबीकडे घाटमाथ्याचा धो-धो पाऊस आणि दाट झाडी, बेळगावच्या आसपास जांभ्याचे माळ आणि भाताची शिवारं, आणि पूर्वेला गोकाक-सौंदत्तीकडे कोरडं, काटेरी झुडपांचं रान. त्यामुळे ‘आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही’ ही तक्रार मला पटत नाही. निपाणी-चिकोडीकडे शाळा असेल तर काळी माती, उसाचे फड, दूधगंगा-वेदगंगेचा काठ. बेळगावच्या शहापूर-वडगाव बाजूला बळ्ळारी नाल्याचं शिवार. खानापूरच्या पश्चिमेला असाल तर विचारायलाच नको, दारातच रान आहे.

जागेत तीन गोष्टी असू द्या : थोडी सावली, थोडं उघडं, आणि पावसाळ्यात तरी पाणी. मोठ्या रस्त्यापलीकडची जागा टाळा. पन्नास मुलं रस्ता ओलांडवण्यातच तास संपतो आणि जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

इथे पहिला सापळा. एका वर्षी आम्ही शाळेच्या आवारात कोपऱ्यातली जागा आखली, मुलांनी झाडं मोजली, नोंदी केल्या. पंधरा ऑगस्टच्या आधी श्रमदान झालं. कोणीतरी मोठ्या उत्साहाने तो कोपरा खरवडून साफ केला आणि पाला पेटवून दिला. आम्ही दुसऱ्या फेरीला गेलो तेव्हा राख होती. म्हणून जागा ठरली की आधी मुख्याध्यापक, शिपाई, स्वयंपाकाच्या मावशी आणि एसडीएमसीचे (शाळा विकास आणि देखरेख समितीचे) अध्यक्ष, सगळ्यांना सांगा : इथे झाडू फिरवायचा नाही. चार खुंट्या आणि एक पाटी पुरते. तरीही पाटी मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत लिहा, कारण साफसफाईला येणारे सगळे मराठी वाचतातच असं नाही.

२. कागद आधी, उत्साह नंतर

शाळेच्या आवारातच राहणार असाल तर मुख्याध्यापकांना सांगून आणि टाचणात लिहून भागतं. गावच्या शिवारात जायचं तर मी एवढं जवळ ठेवते :

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, तारीख-वेळ-जागा घालून
- एसडीएमसीच्या बैठकीत घेतलेला ठराव (वर्षभराचा एकच ठराव घ्या, दर फेरीला नको)
- पालकांचं संमतीपत्र : मुलाचा रक्तगट, दमा-फिट-ॲलर्जी असं काही, आणि दिवसा उचलला जाईल असा फोन नंबर
- शेतमालकाचा होकार, हा तोंडी चालतो, पण आदल्या संध्याकाळी घरी जाऊन घ्या
- मुलांची हजेरी, निघताना आणि परतताना दोनदा

गाडी करून लांब जायचं असेल तर शिक्षण खात्याच्या परवानगीशिवाय निघू नका. बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला जाणारं पत्र कन्नडमध्ये असलं की काम लवकर सरकतं. स्वतःला कन्नड लिहिता येत नसेल तर शाळेतल्या कन्नड विषयाच्या शिक्षकांना चहा पाजा. मी दरवर्षी पाजते. मजकूर साधा ठेवा : किती मुलं, किती शिक्षक, कुठे, किती ते किती, पाठ कोणता.

वेळापत्रकाचं म्हणाल तर शनिवारची सकाळची शाळा यासाठी उत्तम. त्यातही दप्तराविना येणारा ‘संभ्रम शनिवार’ (कन्नडमध्ये संभ्रम म्हणजे आनंदसोहळा) असला की कोणी ‘तास बुडवला’ म्हणत नाही.

३. सामान : दुकानापेक्षा घरात शोधा

चार मीटर सुतळी (प्रत्येक गटाला एक), चार खुंट्या, पांढऱ्या रंगाचा टब किंवा आइस्क्रीमचा मोठा डबा, चहाची गाळणी, कांद्याच्या जाळीच्या पिशव्या, जुनी पांढरी चादर, भिंग, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, पिण्याचं पाणी. वही रेघांची नको, कोऱ्या पानांची, आणि पेन नको, पेन्सिल. बेळगावच्या पावसात पेनाची शाई पाच मिनिटं टिकत नाही.

भिंगं शाळेच्या विज्ञानपेटीत असतात, फक्त कुलूप उघडायचा अवकाश. तापमापी मात्र प्रयोगशाळेतली, लाल द्रवाची घ्या. तापाचा तापमापी मातीत खुपसू नका. उन्हात तापलेली जमीन त्याच्या पट्टीच्या वर जाते, नळी फुटते आणि जुना असेल तर पारा सांडतो.

मोबाइल एकच, शिक्षकाचा. झाडं-किडे ओळखायची ॲप मदतीला घ्या, पण आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी तेरा वर्षांखालच्या मुलांची खाती आपण होऊन काढून देऊ नका, नोंद आपल्याच खात्यावर करा. आणि मुलांनी अंदाज बांधून झाल्यावरच फोन बाहेर काढा. आधी काढलात तर सगळी डोकी झाडाऐवजी पडद्यावर वाकतात.

४. पहिली फेरी, जून : एक मीटर बाय एक मीटर

पाऊस लागून आठवडाभर झाला की निघा. पाच-सहा मुलांचा एक गट, प्रत्येक गटाला एक चौरस मीटर. निम्मे चौकोन झाडाखाली, निम्मे उघड्यावर. सुतळीला मीटर-मीटरवर गाठ मारून ठेवली असेल तर चौकोन दोन मिनिटांत होतो.

मग वीस मिनिटं काही शिकवू नका. मी हे सांगते खरं, पण मलाच ते सगळ्यांत जड गेलं. तोंड आपोआप उघडतं : ‘ते बघा, मुंगी, मुंगी म्हणजे भक्षक...’ गप्प बसा. फक्त तीन प्रश्न फळ्यावर लिहून आणलेले असू द्या :

कोण कोण आहे?
कोण कोणाच्या जिवावर जगतंय?
यातलं एक काढून घेतलं तर काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जूनमध्ये कुणाला येणार नाही. येऊ नये. तो प्रश्न फेब्रुवारीपर्यंत टांगून ठेवायचा.

निर्जीव गोष्टी मुलं हमखास विसरतात. म्हणून प्रत्येक चौकोनात मातीचं तापमान घ्यायला लावा, मूठभर माती बाटलीत पाण्यात ढवळून ठेवा. तासाभरात वाळू खाली, गाळ वर, पाचोळ्याचे तुकडे तरंगताना दिसतात. जांभ्याच्या माळावरची तांबडी माती आणि शेतातली माती शेजारी शेजारी ठेवली की ‘ही माती हलकी का, तिथे झाड खुरटं का’ हे प्रश्न मुलंच काढतात.

नावं न आल्याने अडू नका. ‘काटेरी पानाची’, ‘दुधाळ देठाची’, ‘वास येणारी’ अशी मुलांनी ठेवलेली नावं पहिल्या फेरीला पुरतात.

५. त्याच दिवशी पालापाचोळ्याच्या पिशव्या पुरा

विघटक, म्हणजे मेलेलं-वाळलेलं कुजवून मातीत मिसळणारे जीव, हा परिसंस्थेतला सगळ्यांत उपेक्षित भाग. पुस्तकात एक ओळ, परीक्षेत एक गुण. पण मुलांना सगळ्यांत जास्त हाच आवडतो, कारण त्यात कुजकं, ओलं आणि वळवळणारं सगळं येतं.

वाळलेली पानं २०-२० ग्रॅम मोजा. काही पिशव्यांत आंब्याची, काहींत गिरिपुष्पाची. प्रत्येक प्रकाराच्या दोन पिशव्या : एक कांद्याच्या जाळीची, दुसरी जुन्या ओढणीच्या दाट कापडाची. जाळीतून गांडूळ, वाणी, वाळवी आत जातात, कापडातून फक्त बुरशी आणि जिवाणू. चारही पिशव्या वीतभर खोल पुरा, खुणेला खुंटी मारा. ऑगस्टमध्ये एक संच आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा काढायचा असेल तर तेवढे संच आधीच करून ठेवा. एकदा उघडलेली पिशवी परत पुरण्यात अर्थ नाही.

माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी पिशवी काढली आणि तशीच काट्यावर ठेवली. २० ग्रॅमची ३१ ग्रॅम भरली. मुलांनी वहीत लिहिलं, ‘पानं जमिनीत वाढतात.’ निरीक्षणाच्या दृष्टीने त्यांचं काही चुकलं नव्हतं, ओली माती मी झटकली नव्हती. तेव्हा पानं हलक्या हाताने धुवा, वर्तमानपत्रावर तीन दिवस उन्हात वाळवा, मग वजन करा. किराणा दुकानदाराचा डिजिटल काटा अर्ध्या तासासाठी उसना मिळतो.

गिरिपुष्पाचा पाला सव्वा-दीड महिन्यात बहुतेक विरून गेलेला असतो, आंब्याचं पान मात्र अजून पान म्हणून ओळखू येतं. आणि कापडातला पाला जाळीतल्यापेक्षा मागे राहिलेला दिसतो. हे बघितल्यावर ‘शेतात आंब्याचा पाला टाकायचा की गिरिपुष्पाचा?’ असं एका मुलाने घरी जाऊन वडिलांना विचारलं. वडिलांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं.

६. दुसरी फेरी, ऑगस्ट : भाताचं शिवार

बासमतीमुळे आपल्या भागातला भात नावाजलेला आहे, पण मुलांना भाताचं शेत ही परिसंस्था वाटत नाही, ते ‘आमचं रान’ असतं. पाणी उभं असताना जा. बांधावरून एका रांगेत चाला, पिकात पाय टाकायचा नाही, औषध मारल्याला पंधरा दिवस तरी झालेले असू द्या. म्हणूनच मालकाला आदल्या दिवशी भेटायचं.

टबमध्ये बोटभर स्वच्छ शेतातलंच पाणी घ्या, गाळणीने कडेचा गाळ हळूच उचलून त्यात सोडा आणि पाच मिनिटं टब हलवू नका. गढूळपणा बसला की एकेक जण हालायला लागतो : बेडकाची पिल्लं, डासांच्या अळ्या, गोगलगायी, पाय पसरून पाण्यावर सरकणाऱ्या निवळ्या. आणि नशीब असलं तर चतुराची अळी. मातकट, रोडावलेली, कुणी ढुंकून बघणार नाही अशी. ती तळाशी दगडासारखी बसते. डासाची अळी वळवळत समोर आली की तिचा खालचा ओठ घडी उलगडावी तसा पुढे झेपावतो आणि अळी गायब. हे इतक्या झटक्यात होतं की मुलं ‘परत, परत’ करून ओरडतात. भक्षक या शब्दाची व्याख्या त्यानंतर मी कधी फळ्यावर लिहिलेली नाही.

त्याच बांधावर माझा एक विद्यार्थी, वर्गात कायम शेवटच्या बाकावर, चिखलातल्या बिळात हात घालून खेकडा घेऊन आला. उलटा करून मला दाखवला. ‘बाई, ही मादी हाय. हिच्या पोटाची पट्टी रुंद असतंय बघा, नराची निमुळती.’ अगदी बरोबर. मग तोच म्हणाला, ‘दाणेदार औषध टाकलं की त्या वर्षी बिळं मोकळी.’ खेकडे नाहीत तर बगळे त्या शेतात उतरत नाहीत, हेही त्यालाच ठाऊक होतं. तिसऱ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला त्याच्याकडून मिळालं. गुरं राखणारी, मासे-खेकडे धरणारी मुलं आपल्या वर्गात असतात. त्या दिवसाचं शिक्षकपद त्यांना देऊन टाका. खेकडा मात्र होता तिथे सोडायला लावा, कितीही रश्शाच्या गप्पा झाल्या तरी.

७. तिसरी फेरी, नोव्हेंबर-डिसेंबर : उंबराखाली एक तास

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा स्थिरावली की उंबर. एकाच झाडावर पूर्ण परिसंस्था दाखवायची तर माझ्या मते दुसरं झाड नाही. वर्षातून अनेकदा फळतं, फळं बुंध्याला हाताच्या उंचीवर लागतात आणि ओढ्याकाठी हमखास असतं.

आधी मुलांना विचारा : उंबराचं फूल कुणी पाहिलंय? कुणीच नाही. ‘उंबराचं फूल’ म्हणजे क्वचित दिसणारा माणूस, हे घरी ऐकलेलं असतं. मग थोडं लालसर होऊ लागलेलं फळ ब्लेडने (आपण, मुलांनी नाही) उभं कापा. आत शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला तोंड करून बसलेली असतात. ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांची बंद पिशवी आहे.

आणि त्या फुलांतून केंबरं निघतात. ‘उंबर फोडून केंबरं कशाला काढायची’ असं आपल्याकडे म्हणतात, इथे मुद्दाम काढायची. ही केंबरं म्हणजे उंबराची गांधीलमाशी, मुंगीहून बारीक. फळाच्या टोकाला जे छोटं भोक असतं, त्यातून मादी आत शिरते. वाट इतकी अरुंद की तिचे पंख बहुधा तिथेच तुटतात. आत ती परागकण फुलांवर सोडते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखांचे. ते आतच माद्यांशी जुगतात, बाहेर पडायला भोक पाडतात आणि मरतात. नव्या माद्या अंगावर पराग घेऊन त्या भोकातून उडतात, दुसरं उंबर शोधायला. जवळ जेमतेम दिवसभराचं आयुष्य. माशी नसेल तर उंबराला बी नाही, उंबर नसेल तर त्या माशीला जागा नाही.

मुलांपैकी कोणीतरी ‘म्हणजे आपण उंबर खाताना किडे खातो?’ असं विचारणारच. खरं सांगा. थोडी ओकारीची नाटकं होतील, मग सगळे गुपचूप आणखी एक फळ कापायला लावतील.

त्यानंतर वर बघायला लावा. चादर पसरून मुलं उताणी झोपवा, दहा मिनिटं शांत. तांबट, बुलबुल, कोकीळ, हरियाल, नोव्हेंबरात खानापूरच्या रानात असाल तर धनेशही. खाली पडलेल्या फळांवर मुंग्या, ओढ्यात पडलेल्या फळांवर मासे, आणि सकाळी झाडाखाली वटवाघळांनी चघळून टाकलेले चोथे. प्रत्येक गटाने मध्ये उंबर काढायचा आणि जे दिसलं त्यालाच बाण जोडायचा. न दिसलेला वाघ काढायचा नाही. हा नियम कडक पाळा, कारण मुलांना अन्नसाखळी म्हटलं की गवत-हरीण-वाघ एवढंच सुचतं, आणि आपल्या ओढ्यावर हरीण कुणी पाहिलेलं नसतं.

बाणाची दिशा हा दुसरा नेहमीचा घोळ. बाण खाल्ला जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे. ‘अन्न कुठे गेलं’ असं विचारा, ‘कोणी कोणाला खाल्लं’ असं विचारलंत तर निम्मे बाण उलटे येतील.

८. वर्गात परतल्यावर : हजार दाणे

अन्नसाखळीत वर जाताना ऊर्जा कमी होत जाते. लिंडमन या शास्त्रज्ञाने १९४२ साली मांडलेला हा हिशेब ढोबळमानाने दहा टक्क्यांचा म्हणून शिकवतात. मी भाताचे १००० दाणे मोजायला लावते. हे ‘झाडांचे’. त्यातले १०० नाकतोड्यांना, १० बेडकाला, १ सापाला. घार झालेल्या मुलीच्या हातावर दाण्याचा दहावा हिस्सा ठेवायचा म्हटलं तर तो कापावा लागतो. ती रडकुंडीला येते आणि माळावर नाकतोडे शेकड्यांनी, घार मात्र एखादीच का, हे वेगळं सांगावं लागत नाही. बाकीचे ९०० दाणे कुठे गेले? हालचाल, उष्णता, न खाल्लेला भाग, शेण. शेणावर कोण जगतं? परत पिशव्यांकडे या.

सुतळीचं जाळं हा खेळ सगळीकडे करतात : एकेका मुलाने एकेक जीव व्हायचं, सुतळी एकमेकांकडे द्यायची, मग एकाने ओढायचं. करा, पण फक्त स्वतःच्या नोंदींमधले जीव घेऊन. छापील चिठ्ठ्यांवर केला की तो नुसता खेळ राहतो.

९. नावं तीन भाषांत

आपली मुलं पुढे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जातात, वनरक्षक कन्नड बोलतात, घाटाकडच्या आज्या कोकणी नावं सांगतात. वहीत प्रत्येक झाडापुढे तीन रकाने करा. उंबर-अत्ती, जांभूळ-नेरळे, चिंच-हुणसे, फणस-हलसु, पळस-मुत्तुग. तिसरा रकाना घरून भरून आणायचा. अन्नसाखळीला कन्नडमध्ये ‘आहार सरपळि’ (सरपळि म्हणजे साखळी) म्हणतात हे कळल्यावर माझ्या वर्गातली मुलं हसली होती, कारण सरपळी घरात सगळ्यांनाच ठाऊक. शब्द असे जोडलेले सापडले की परकेपणा जातो. हा भाग पंधरा मिनिटांचा, पण दर फेरीला करा.

१०. धोके, न घाबरवता पण स्पष्ट

साप : घोणस, फुरसं, नाग, मण्यार चारही आपल्या भागात आहेत. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवायचं, दगड आपल्याकडच्या बाजूने उचलायचा नाही, बूट हवेतच. चावलाच तर आवळपट्टी नाही, चिरा नाही, मांत्रिक नाही. तो अवयव हलू न देता १०८ ला फोन आणि सरळ खानापूरचा तालुका दवाखाना किंवा बेळगावचं सिव्हिल, जे जवळ ते. सापाच्या विषावरचं औषध (प्रतिविष) कुठे उपलब्ध आहे हे फेरीच्या आधीच विचारून ठेवा.

गोचीड : डिसेंबर ते मे या काळात दाट जंगलात मुलांना नेऊ नका, पाल्यावर तर बसवूच नका. माकडताप गोचिडीतून पसरतो. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो प्रथम ओळखला गेला आणि अलीकडे आपल्या शेजारच्या सत्तरी-दोडामार्गातही त्याचे रुग्ण निघाले. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता मागे फिरा आणि आरोग्य खात्याला कळवा. चौथी फेरी म्हणूनच शाळेमागच्या माळावर करायची, रानात नाही.

आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली, धबधब्याच्या कड्याखाली थांबू नका. पाण्यात घोट्याच्या वर नाही. ढग गडगडले की उघड्या माळावरून लगेच परत, एकट्या झाडाखाली आडोसा घ्यायचा नाही. दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस. शिट्टी दोनदा वाजली की सगळे माझ्याकडे, हे आवारात तीनदा करून घ्या.

आणि घरटी, अंडी, जिवंत प्राणी वर्गात आणायचे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा विषय आहेच, शिवाय घरटं आणणाऱ्या मुलाला शाबासकी मिळाली की दुसऱ्या दिवशी पाच घरटी येतात.

११. लांबची सहल हवीच असेल तर

न्या, पण निदान दोन फेऱ्या झाल्यावर. सप्टेंबरात जांबोटी-चोर्ल्याकडच्या जांभ्याच्या पठारांवर दवबिंदू आणि सीतेची आसवं ही किडे खाणारी झाडं फुललेली असतात. माती इतकी निकस की नत्र किड्यांतून मिळवावं लागतं, हे मातीची बाटली ढवळलेल्या मुलांना लगेच कळतं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. तिचं पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातं, आणि त्याच तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यातून अरबी समुद्राला. नकाशावर बोट फिरवत बसण्यापेक्षा तिथे उभं राहून हे सांगा. हिवाळ्यात घटप्रभेचं पक्षी अभयारण्य चांगलं.

भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झालं. तिथे जायचं तर वनखात्याची परवानगी काढा, आणि मुलांसाठी असलेल्या ‘चिण्णर वनदर्शन’ कार्यक्रमाची चौकशी रेंज ऑफिसमध्ये करा. बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ अनेक वर्षं जगात फक्त तिथलंच म्हणून ठाऊक होतं. त्याची गोष्ट वर्गातच सांगा. गुहेत मुलं नेऊन वटवाघळांना उठवण्याचं काही कारण नाही.

१२. चौथी फेरी, फेब्रुवारी : परत त्याच चौकोनात

जूनची पानं उघडून बसवा. आमच्या उघड्या चौकोनात जूनमध्ये बारा प्रकारची रोपं होती, फेब्रुवारीत तीन. दुपारी मातीचं तापमान उघड्यावर ४१ अंश, आंब्याखाली २८. आंब्याखाली मुंग्यांचं वारूळ होतं तिथेच, उघड्यावरची बिळं रिकामी. आता तिसरा प्रश्न परत विचारा. ‘आंबा तोडला तर?’ यावर मुलं अर्धा तास भांडतात, आणि भांडताना सावली, ओल, पाचोळा, गांडूळ, मुंगी असा पुरावा देतात.

गुण द्यायचे तर एफएच्या (आकारिक मूल्यमापनाच्या) उपक्रमात धरा, पण किती नावं आली यावर नाही. ‘मला दिसलं’ आणि ‘मला वाटतं’ हे वेगळं लिहिलंय का, दोन फेऱ्यांतला फरक सांगितलाय का, कारण दिलंय का, एवढं बघा. चुकीचं पण कारणासकट लिहिलेलं उत्तर मी पाठ केलेल्या बरोबर उत्तरापेक्षा वर ठेवते. यावर सहकाऱ्यांशी वाद होतो, होऊ दे.

वर्ष संपलं की वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. प्रत्येक गटाची एक वही ठेवून घ्या, खुंट्या उपटल्या तरी जागा सापडावी म्हणून कंपाउंडच्या भिंतीवर रंगाने बाण काढा आणि तिथून किती पावलं ते पहिल्या पानावर लिहा. पावलं मुलांची मोजा. माझी मोजली होती, तर पुढच्या जूनमध्ये सहावीची पोरं चौकोन शोधत बांधापलीकडे पोहोचली होती.